कंबर धरलीय आणि कोणीतरी सांगितलं सीबीडी घे, तर आधी हे वाचा

सिंहगड रोडला माझं मेडिकलचं दुकान आहे. मागे एकदा आमच्या नेहमीच्या एक काकू आल्या आणि पर्समधून एक छोटी काळी बाटली काढून काउंटरवर ठेवली. मुलाने ऑनलाइन मागवून दिली होती. "कंबरेसाठी आहे गं, सीबीडी म्हणतात, एकदम नॅचरल, जिभेखाली चार थेंब घ्यायचे, घेऊ ना?" आता या काकूंच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे आणि रक्त पातळ ठेवायची गोळी त्या रोज घेतात, ती गोळी माझ्याकडूनच नेतात म्हणून मला माहीत. मी म्हटलं काकू, आज घरी जाऊन लगेच सुरू करू नका, आधी इथे स्टुलावर बसा. मग त्यांना अर्धा तास जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हा प्रश्न आता खूप जण विचारतात, रोज बाइकवर हिंजवडीला जाऊन येणारी पोरं विचारतात, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या मुली विचारतात, रिटायर्ड काका विचारतात, आणि जवळपास सगळे सुरुवात एकाच शब्दाने करतात, नॅचरल.

तर आधी ही काय वस्तू आहे ते बघू. गांजा, भांग, चरस ही तीन नावं आपल्याला माहीत आहेत, झाड एकच, फक्त भाग वेगळे. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्याची राळ म्हणजे चरस, आणि पानांची होते भांग. या झाडात शंभराहून जास्त अशी रसायनं आहेत ज्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात, त्यातली दोन जास्त महत्त्वाची. एक टीएचसी, जिच्यामुळे नशा येते. दुसरं सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, याने नशा येत नाही. सीबीडी पहिल्यांदा वेगळं काढलं अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये, आणि त्याची नेमकी रचना इस्राएलच्या राफाएल मेशुलम यांच्या टीमने १९६३ मध्ये उलगडली, पुढच्याच वर्षी त्यांनी टीएचसीही वेगळं केलं. म्हणजे काकूंना जी भीती होती, की हे घेतल्यावर डोकं गरगरेल, होळीला भांग प्यायल्यासारखं होईल, ती शुद्ध सीबीडीच्या बाबतीत खरी नाही. बाटलीत खरंच शुद्ध सीबीडी आहे का, हा प्रश्न वेगळा, त्याच्याकडे येतेच.

आता शरीरात हे काय करतं. मला हे समजावायला पंगत फार उपयोगी पडते. वाढपी येतो, वाढत राहतो, आणि ताटावर बसलेला माणूस आडवा हात धरून म्हणतो पुरे. आपल्या नसांमध्ये अगदी तसंच चालतं. एक पेशी संदेश वाढत असते, दुसरी तो घेत असते, आणि घेणाऱ्या पेशीला जास्त झालं की ती स्वतःच एक रसायन बनवून उलट दिशेने पाठवते, बास आता. त्या पुरे म्हणणाऱ्या रसायनांपैकी एक १९९२ मध्ये सापडलं आणि त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत आनंद शब्दावरून. हे ज्या जागी जाऊन बसतं त्या जागेला सीबी वन रिसेप्टर म्हणतात. टीएचसी थेट त्या जागेवर जाऊन बसतं, म्हणजे पंगतीतल्या सगळ्याच ताटांवर एकदम हात आडवा, मग वेदनेबरोबर लक्ष, आठवण, वेळेचं भान हे सगळंही मंदावतं, आणि तीच ती नशा.

सीबीडी तसं करत नाही. ते सीबी वनला नीट चिकटतच नाही. प्रयोगशाळेत जे दिसतं ते असं की आनंदामाइडची साफसफाई करणाऱ्या एन्झाइमला ते थोडं अडवतं, म्हणजे ताटावरचा हात जरा जास्त वेळ राहतो, शिवाय मिरचीचा तिखटपणा ज्या रिसेप्टरवर जाणवतो त्याच्यावरही ते काम करतं, सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवरही करतं. उंदरांमध्ये सूज आणि वेदना कमी झाल्याचे प्रयोग आहेत. त्यामुळे यात काही तथ्यच नाही असं मी कधीच म्हणणार नाही, शास्त्रज्ञ उगाच याच्या मागे लागलेले नाहीत. पण उंदराच्या सुजलेल्या पायापासून माणसाच्या कंबरेपर्यंतचा रस्ता लांब असतो आणि त्या रस्त्यावर भरपूर औषधं गळून पडतात, ही गोष्ट माझ्या धंद्यात रोज दिसते.

माणसांवर काय झालं? कंबरदुखीसाठी नुसत्या सीबीडीची एक नीट चाचणी ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये झाली, २०२१ साली छापून आली. कंबर अचानक धरल्यामुळे इमर्जन्सीत आलेले १०० पेशंट, नेहमीच्या वेदनाशामक औषधांबरोबर निम्म्यांना ४०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं आणि निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं, कोणाला काय मिळालं हे पेशंटला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. दोन तासांनी दहापैकी दुखणं किती विचारलं तर सीबीडीवाल्यांचं सरासरी ६.२ आणि नुसत्या दिखाव्याच्या औषधावाल्यांचं ५.८. म्हणजे फरक पडलाच नाही. ही एकाच डोसची चाचणी होती आणि ताज्या दुखण्याची होती हे लक्षात ठेवायचं, जुनाट कंबरदुखीचं उत्तर त्यातून मिळत नाही.

जुनाट दुखण्याची जी बातमी तुम्हाला कोणी फॉरवर्ड केली असेल ती बहुतेक जर्मनीतली, २०२५ ची, ८२० लोकांवरची. त्यात खरंच फायदा दिसला, पण दोन गोष्टी बातमीत मागे राहतात. एक, ते औषध म्हणजे गांजाच्या झाडाचा संपूर्ण अर्क होता आणि त्यात टीएचसी होतं, त्यामुळे ती चाचणी दाखवून सीबीडीची बाटली विकणं म्हणजे हापूसचं सर्टिफिकेट दाखवून पायरी विकणं. दुसरं, दहाच्या मोजपट्टीवर दिखाव्याच्या औषधापेक्षा जास्तीचा फायदा सरासरी ०.६ इतकाच होता. कोणाला तेवढाही मोलाचा असेल, मी नाही म्हणत नाही, पण तो अर्क आणि आपल्याकडच्या बाटल्या ही एकच वस्तू नव्हे.

म्हणूनच इंग्लंडमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१९ मध्येच सांगितलंय की जुनाट वेदनेसाठी सीबीडी देऊ नका, द्यायचं तर फक्त चाचणीचा भाग म्हणून. वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टरांची आणि संशोधकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसपी, तिनेही २०२१ मध्ये कॅनाबिनॉइडना सरसकट पाठिंबा द्यायला नकार दिला. कारण एकच, पुरेसा पुरावा नाही.

"पण माझ्या भाचीला खरंच बरं वाटलं ना," काकू म्हणाल्या. वाटलंच असणार, मला त्यात शंकाच नाही. उसण भरली की माणूस औषध कधी शोधतो? दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा. आणि कंबरेची साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे त्या वेळेला जे काही घेतलेलं असेल त्याला श्रेय जातं, मग ते थेंब असोत, निर्गुडीचं तेल असो की शेजारच्यांनी दिलेली गोळी. त्यात भर म्हणजे या औषधाभोवतीची चर्चा. २०२२ मध्ये २० चाचण्या आणि १४५९ लोक एकत्र धरून एक अभ्यास झाला, गांजापासून बनलेली औषधं वेदनेवर वापरलेल्या चाचण्यांचा, आणि त्यात दिसलं की औषध नसलेल्या गटातल्या लोकांचं दुखणंही बऱ्यापैकी कमी झालं होतं. त्या लोकांना बरं वाटलं ते खोटं नव्हतं. मेंदू वेदना खरोखर कमी करू शकतो. फक्त त्यासाठी महागड्या बाटलीची गरज आहे का, आणि त्या बाटलीतून दुसरं काही नुकसान होणार आहे का, हे बघायला पाहिजे.

आता हिशेब करू, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि कोणी करत नाही. समजा ३० मिलीची बाटली आहे आणि लेबलवर १००० मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे एका मिलीत ३३ मिलिग्रॅम, एका मिलीचे साधारण २० थेंब, म्हणजे एका थेंबात पावणेदोन मिलिग्रॅमही नाही. चार थेंब म्हणजे साडेसहा-सात मिलिग्रॅम. मेलबर्नच्या चाचणीत ४०० मिलिग्रॅम दिलं होतं, या बाटलीतून तेवढं घ्यायचं तर २४० थेंब लागतील, १२ मिली, म्हणजे जवळपास अर्धी बाटली एकदम. आणि त्यानेही फरक पडला नव्हता. बरं, गिळलेल्या सीबीडीपैकी रक्तात पोचतं फार थोडं, उपाशीपोटी साधारण ६ टक्के, बाकीचं आतड्यात आणि लिव्हरमध्येच संपतं, तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घेतलं तर ते चारेक पट वाढतं, म्हणजे सकाळी उपाशीपोटी घेतलेले चार थेंब आणि पुरणपोळीवर तूप ओढून जेवल्यावर घेतलेले चार थेंब हे शरीराच्या दृष्टीने सारखे डोसच नाहीत. जिभेखाली धरलं तरी त्यातलं बरंचसं शेवटी गिळलंच जातं.

सीबीडी औषध म्हणून जिथे खरंच सिद्ध झालंय ती जागा आहे लहान मुलांच्या अवघड प्रकारच्या फिट्स, ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ नावाचे आजार आहेत, त्यांच्यासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये एपिडायोलेक्स नावाचं शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर झालं. तिथे डोस असतो दर किलो वजनाला रोज १० ते २० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला त्या हिशेबाने रोज ६०० ते १२०० मिलिग्रॅम, म्हणजे आपली बाटली दोन दिवसही पुरणार नाही. तिथे फायदा आहे आणि त्याच डोसला लिव्हरचे एन्झाइम वाढणं, झोप येणं, जुलाब, भूक मरणं हे त्रासही आहेत, म्हणून त्या मुलांच्या लिव्हरच्या टेस्ट करत राहावं लागतं. खरं औषध असंच असतं, डोस असतो, फायदा असतो, किंमत मोजावी लागते. नॅचरल म्हटल्यावर आपण हे तिन्ही प्रश्न विचारायचे सोडून देतो आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

मलमाचंही विचारतात. त्वचेवर चोळलेलं सीबीडी बरंचसं त्वचेच्या वरच्या थरातच अडकून बसतं, आणि कंबरेचे स्नायू, मणक्यांमधली गादी, नसा हे सगळं खूप खोल आहे. चोळण्याने आणि उबेने जरा बरं वाटतं ते वाटतंच, त्याला साधं तेल आणि गरम पाण्याची पिशवीही चालते.

बाटलीत नेमकं काय आहे ते बघू. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली तर लेबलप्रमाणे बरोबर निघाली फक्त ३१ टक्के, कोणात जास्त, कोणात कमी, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. आपल्याकडे अजून एक घोळ आहे. हेम्प सीड ऑइल नावाने जे मिळतं ते बियांचं खाद्यतेल, ते खाण्यासाठी विकायला एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने, २०२१ मध्ये परवानगी दिली, तेल चांगलं आहे, पण त्यात सीबीडी जवळपास नसतंच. लोक ते घेऊन येतात आणि म्हणतात सीबीडी घेतोय. आणि औषध म्हणून जे विकलं जातं त्याच्यावर बहुतेक वेळा विजया लिहिलेलं असतं, विजया म्हणजे भांगेचं आयुर्वेदातलं नाव. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे त्यात शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया येत नाहीत, म्हणून पानांपासून आयुर्वेदिक लायसन्सवर ही औषधं बनतात. पण विजया औषध कायद्याच्या ई-वन शेड्यूलमध्ये आहे, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची. चांगला वैद्य तुमची नाडी, झोप, पोट, चालू औषधं सगळं विचारेल, आणि आयुर्वेदात विजया वापरतात तीसुद्धा शोधन करून, थोड्या मात्रेत, बाकी द्रव्यांबरोबर. पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी आणि घरपोच बाटली, याला मी ते आयुर्वेद मानत नाही. आणि पानांच्या अर्कात टीएचसीही असू शकतं, त्यामुळे नशा येत नाही हे वाक्य प्रत्येक बाटलीला लागू पडत नाही, ऑफिसात ड्रग टेस्ट होत असेल तर तेही लक्षात घ्या.

आता काकूंच्या गोळीकडे. आपली खूप औषधं मोडून काढायचं काम लिव्हरमधले ठरावीक एन्झाइम करतात. सीबीडी त्याच एन्झाइमना अडवून ठेवतं. म्हणजे खडकवासल्यातून पाणी येतंय तेवढंच येतंय आणि पुढे कालव्याचं दार अर्धं बंद केलं, तर पाणी साचणारच. वॉरफेरिन आणि आपल्याकडे जास्त चालणारं ॲसिनोकूमॅरॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं तसं होऊ शकतं, रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं, आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा टेस्टचा आकडा चढतो, आणि मग हिरड्यांतून रक्त येण्यापासून डोक्यात रक्तस्राव होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस, फिटचं क्लोबाझम, हीसुद्धा त्याच यादीतली. आणि कंबरदुखीच्या पेशंटला तर बऱ्याचदा प्रीगॅबालिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असतं, दोन्ही झोप आणणारी, त्यावर अजून एक झोप आणणारी वस्तू, आणि सकाळी ॲक्टिवा घेऊन नवले पुलावरून जायचं, विचार करून बघा. पोटुशी असाल, बाळ अंगावर पीत असेल, लिव्हरचा त्रास असेल, तर हा विषय सोडूनच द्या.

मग कंबरेचं काय करायचं? इथे मला खरंच कळकळीने सांगायचंय. बरेच जण एमआरआयचा रिपोर्ट घेऊन येतात, चेहरा उतरलेला, "मणक्यात गॅप आलाय". ज्यांना काहीही दुखत नव्हतं अशा ३११० लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मध्ये बघितलं गेलं, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के. दुखणं काहीच नाही आणि तरी ही झीज. केस पांढरे होतात तसं हे. रिपोर्टमधल्या त्या एका शब्दाने घाबरून लोक वाकायचं सोडतात, चालायचं सोडतात, दिवसभर पट्टा बांधून बसतात आणि स्नायू अजून कमजोर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात व्यायाम आणि नीट समजावून सांगणं यांना पाठिंबा आहे, आणि पट्टे, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचं मशीन ही नेहमीसाठी देऊ नका असं आहे.

आणि चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर चाचणी झाली, २०२४ मध्ये आली, सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने हळूहळू वाढवत चालायला लावलं, आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास इथपर्यंत. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं ११२ दिवसांत परत आलं, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं यायला २०८ दिवस लागले. तळजाईवर चाला, कमला नेहरू पार्कला फेऱ्या मारा, नाहीतर सोसायटीत चाला, पैसे लागत नाहीत. पर्वतीच्या पायऱ्या पहिल्याच दिवशी नको, एवढंच.

काही वेळा मात्र ना चालायचं ना थेंब शोधायचे, सरळ हॉस्पिटल गाठायचं: लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शी-शूच्या जागेभोवती बधिरपणा आला, पाऊल उचललं जात नाही, कंबरदुखीबरोबर ताप आहे, वजन उगाच उतरतंय, आधी कॅन्सर झालाय, किंवा वयस्कर माणूस पडल्यानंतर कंबर दुखायला लागली.

काकूंनी बाटली उघडली नाही. माझ्यासमोरच मुलाला फोन लावला आणि मी त्याला गोळीचं सांगितलं, तो गप्पच झाला बिचारा, त्याने प्रेमानेच पाठवली होती आणि बाटलीवर रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल एक अक्षर नव्हतं. नंतर त्या फिजिओकडे गेल्या.

आणि तुमची कुठलीच गोळी चालू नसेल, तब्येत ठीक असेल, सगळं वाचूनही एकदा घेऊन बघायचंच असेल, तर लपून घेऊ नका, तुमच्या डॉक्टरला किंवा वैद्याला बाटली दाखवून घ्या. त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागा, त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती हे दोन्ही आकडे असले पाहिजेत, कंपनी देत नसेल तर घेऊ नका. पहिले काही दिवस गाडी चालवू नका. रोज रात्री वहीत दुखणं दहापैकी किती ते लिहा आणि त्याबरोबर हेही लिहा की आज किती चाललात, कारण महिन्याने वही उघडल्यावर थेंबांमुळे कमी झालं की चालण्यामुळे हे तरच थोडं कळेल. महिन्याभरात काहीच फरक नसेल तर दुसरी बाटली मागवू नका. आणि दुबईला किंवा सिंगापूरला मुलाकडे जाताना ही बाटली बॅगेत चुकूनही नको, तिथे सीबीडीलाही कायदा फार कडक आहे.